पॅराग्वे, एप्रिल १९९६ : राजीनाम्यापासून रोखलेला राष्ट्राध्यक्ष (लेखांक ५)

पॅराग्वेमध्ये १९५४ पासून जनरल आल्फ्रेदो स्ट्रोएसनर यांची हुकूमशाही होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये ती संपली, पण तीही लष्कराच्याच हातून. जनरल आंद्रेस रोद्रिगेझ यांनी केलेल्या त्या उठावात लिनो ओव्हिएदो हे कर्नल आघाडीवर होते. १९९२ मध्ये नवी राज्यघटना आली. तरी सत्ताधारी कोलोरादो पक्ष, नोकरशाही आणि लष्कर यांची जुनी गाठ सुटली नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये हुआन कार्लोस वास्मोसी राष्ट्राध्यक्ष झाले. जवळपास चार दशकांतले ते पहिले मुलकी राष्ट्राध्यक्ष. पेशाने अभियंता, इताइपू धरणाच्या कंत्राटांवर श्रीमंत झालेले. त्यांना मते पडली सुमारे ४० टक्के आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, बहुमत विरोधकांचे होते. पक्षांतर्गत निवडणुकीत तर त्यांना ओव्हिएदो यांनीच उघड पाठिंबा दिला होता. तेच ओव्हिएदो आता लष्करप्रमुख होते आणि राजकारणातली लुडबुड थांबवायला तयार नव्हते. ज्याच्या जोरावर खुर्ची मिळाली त्यालाच दूर केल्याशिवाय सरकारला सरकारपण येणार नव्हते; वास्मोसी यांची खरी अडचण ही होती.

२२ एप्रिल १९९६ रोजी त्यांनी ओव्हिएदो यांना पद सोडण्यास सांगितले. ओव्हिएदो यांनी नकार दिला, घोडदळाच्या छावणीत ठाण मांडले आणि उलट राष्ट्राध्यक्षांनीच राजीनामा द्यावा अशी मागणी केली. नौदल आणि हवाई दल सरकारशी एकनिष्ठ राहिले, पण राजधानी असुन्सिओनच्या परिसरातील खरी ताकद भूदलाची होती. वास्मोसी यांनी रात्री अमेरिकेच्या वकिलातीचा आसरा घेतला. रक्तपात टळावा म्हणून पदावरून बाजूला होण्याची त्यांची तयारी झाली होती. तसा मसुदाही लिहून झाला होता.

या संकटात परकीय मुत्सद्देगिरीचे सर्वांत मोठे काम याच ठिकाणी झाले. बंडखोराला वाटाघाटीसाठी बसवण्याआधी राष्ट्राध्यक्षाला खचू न देणे आवश्यक होते. अमेरिकेचे राजदूत रॉबर्ट सर्व्हिस आणि ब्राझील व अर्जेंटिना या शेजारी देशांचे राजदूत यांनी वास्मोसी यांना राजीनामा देऊ नये म्हणून गळ घातली. सही झाली असती तर बंड ‘स्वेच्छेने झालेला सत्ताबदल’ ठरले असते आणि मग बाहेरच्या कोणाला आक्षेप घेण्यासारखे फारसे काही उरले नसते. कायद्याने निवडलेला माणूस पदावर असेपर्यंतच परदेशांना त्याच्या बाजूने उभे राहता येते. असुन्सिओनमधल्या राजदूतांनी हे ओळखले आणि आपापल्या राजधानीतून सविस्तर आदेश येण्याची वाट न पाहता हालचाल केली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

दबावामागे वजनही होते. पॅराग्वेला समुद्रकिनारा नाही. त्याचा माल शेजाऱ्यांच्या नद्या आणि रस्त्यांवरूनच बाहेर पडतो. इताइपूची वीज ब्राझील विकत घेतो, यासिरेता धरण अर्जेंटिनाबरोबर भागीदारीत आहे. १९९१ च्या असुन्सिओन करारामुळे पॅराग्वे मेर्कोसूर या व्यापारसंघाचा सदस्य झाला होता. बंड यशस्वी झाल्यास व्यापारसंघातले स्थान जाईल, असा इशारा ब्राझील आणि अर्जेंटिनाने दिला. वस्तुतः त्या करारात लोकशाहीची अट कुठेही लिहिलेली नव्हती. तरी देशातल्या उद्योजकांना आणि काही सेनाधिकाऱ्यांना इशाऱ्याचा अर्थ नीट कळला. अमेरिकेने लष्करी मदत थांबवली. अमेरिकी राज्यांच्या संघटनेचा १९९१ चा ठराव क्रमांक १०८० हाताशी होता. सदस्य देशात लोकशाही सरकार बेकायदा खंडित झाल्यास तातडीने बैठक बोलावण्याची जबाबदारी तो महासचिवांवर टाकतो. महासचिव सेझार गाविरिया २३ एप्रिललाच स्वतः असुन्सिओनला पोचले. १९५४ मध्ये ग्वातेमालाचे निवडून आलेले सरकार अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने उलथवले होते. तो इतिहास आठवला की या वेळची अमेरिकेची भूमिका किती वेगळी होती ते जाणवते.

मात्र बाहेरच्या आधाराला मर्यादा असते, हेही दोनच दिवसांत दिसले. वास्मोसी यांनी तडजोड केली : ओव्हिएदो यांनी लष्करप्रमुखपद सोडावे, मोबदल्यात संरक्षणमंत्री व्हावे. बंडखोराला मंत्रिपद देणे म्हणजे बंडाला बक्षीस देणे होते. लोकांनी ते मान्य केले नाही. विद्यार्थी आणि नागरिक रस्त्यावर उतरले, काँग्रेसमधून तीव्र विरोध झाला. २४ एप्रिलला ओव्हिएदो यांनी सूत्रे खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी, अंगावर गणवेश नसलेल्या या सेनापतीला मंत्री करणार नसल्याचे वास्मोसी यांनी जाहीर केले. राजदूतांनी राष्ट्राध्यक्ष पदावर टिकवला. पण त्याला ताठ उभे राहायला लावले ते असुन्सिओनच्या लोकांनी.

पुढचा इतिहास सुखाचा नाही. ओव्हिएदो यांनी राजकारणात उडी घेतली. १९९८ मध्ये लष्करी न्यायाधिकरणाने त्यांना १० वर्षांची शिक्षा दिली, पण त्यांचे सहकारी राउल कुबास राष्ट्राध्यक्ष होताच त्यांची सुटका झाली. मार्च १९९९ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष लुईस मारिया आर्गान्या यांची हत्या झाली. निदर्शकांवर गोळीबार झाला. कुबास यांनी पद सोडून ब्राझीलमध्ये आणि ओव्हिएदो यांनी अर्जेंटिनामध्ये आश्रय घेतला.

एप्रिल १९९६ मध्ये तोंडी दिलेला इशारा शेजाऱ्यांनी पुढे नियमात बसवला. त्याच वर्षी जूनमध्ये मेर्कोसूरच्या राष्ट्राध्यक्षांनी लोकशाहीविषयी जाहीरनामा काढला आणि जुलै १९९८ मध्ये उश्वाइया येथे तसा करार झाला. लोकशाही मोडणाऱ्या सदस्याला निलंबित करण्याची तरतूद त्यात आहे. तिचा पहिला वापर पॅराग्वेवरच झाला : जून २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्नांदो लुगो यांना काँग्रेसने घाईघाईने चाललेल्या महाभियोगातून हटवले, तेव्हा देशाचे सदस्यत्व वर्षभराहून अधिक काळ स्थगित राहिले.