रास अल-गूल : तारा का मंदावतो?

डिसेंबरात इशाच्या नमाजानंतर चारकोपमधील कुठल्याही गच्चीवर उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले, की शर्मिष्ठेजवळ बरेच उंचावर ययाती हा तारकासमूह दिसतो. त्यातला एक तारा दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंदावतो. सुमारे पाच तास तो उतरत जातो आणि तेवढ्याच वेळात पूर्ववत होतो. अगदी मंद असताना त्याचा उजेड एक तृतीयांशही उरत नाही.

जग त्याला अल्गोल म्हणते. मूळ अरबी नाव रास अल-गूल, म्हणजे राक्षसाचे डोके. दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी ताऱ्यांवरील आपल्या ग्रंथात हा समूह गूलचे डोके धरणारा म्हणून नोंदवला. नावात भीती असली तरी कारण साधे आहे. तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्याला ग्रहण लावतो. 1783 मध्ये ही शक्यता मांडणारा इंग्लंडचा जॉन गुडरिक अवघा 18 वर्षांचा होता. त्याला ऐकू येत नव्हते. दुर्बिणीवाचूनही दिसणाऱ्या बदलाची त्याने चिकाटीने नोंद ठेवली, एवढेच.

त्याच युक्तीने पुढे नकाशे निघाले. काही जोड्यांत एका ताऱ्याचा वायू दुसऱ्या, पृथ्वीएवढ्या श्वेत बटू ताऱ्याकडे ओढला जातो आणि त्याच्याभोवती तबकडीसारखा फिरत राहतो. मोठ्या दुर्बिणीतूनही हे सारे एका ठिपक्यासारखेच दिसते. मग तबकडी कशी पाहायची?

समजा, समोरच्या घरातली दिव्यांची माळ आपल्याला दिसत नाही, फक्त भिंतीवर पडलेला तिचा उजेड दिसतो. कुणी पडदा हळूहळू ओढला, तर उजेड कधी किती घटला यावरून कुठला दिवा मोठा होता ते कळेल. इथे पडदा म्हणजे सोबतचा तारा. ग्रहण चालू असताना काही सेकंदांच्या अंतराने उजेड मोजतात. एकाच मोजणीतून अनेक नकाशे निघू शकतात. त्यांतला मोजणीशी जुळणारा आणि सर्वांत सपाट, उगाच चढउतार नसलेला नकाशा निवडण्याची रीत कीथ हॉर्न यांनी 1985 मध्ये मांडली. अशा नकाशांवरून तबकडी भडकलेली असताना आत अधिक तप्त व कडेला थंड असते, हे दिसून आले.

आमची वाचकांना सूचना एवढीच : मुलांना एक वही द्या. देवयानीतला अल्माक हा तारा एरवी अल्गोलएवढाच तेजस्वी असतो. रोज दोघांची तुलना करून वेळेसह लिहायची. अल्गोल फिका दिसला, की ग्रहण सापडले.