‘ई’ जीवनसत्त्वाची सनद आणि घरचे मुठेल

ज्या मुलखास जुन्या सरकारी दफ्तरांत कुलाबा आणि १९८१ पासून रायगड हे नाव आहे, तेथे नागावच्या वाड्यांतील नारळ आणि डोंगरउतारांवरील रातांबा यांच्या कृपेने अंगास लावावयाच्या स्निग्ध जिनसांची वाण कधी पडली नाही. मिठागरांतील खाऱ्या पाण्याने ज्यांच्या टाचा फुटत अशा आगरी कष्टकऱ्यांना काय, किंवा उन्हातान्हात मासळी वाळत घालणाऱ्या कोळणींना काय, खोबरेल आणि कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेले तेल थिजल्यावर मुठीत वळलेले मुठेल हेच हाताशी असलेले औषध होते. आता बाजारात येणाऱ्या क्रीम, लोशन व सीरम यांच्या वेष्टनांवर ‘ई जीवनसत्त्वयुक्त’ अशी सनद झळकत असते, आणि तिच्या प्रभावाने घरच्या खोबरेलाचा गुणही याच जीवनसत्त्वाचा असावा, असे पुष्कळांच्या मनाने घेतले आहे.

ही समजूत निराधार आहे. शंभर ग्रॅम सूर्यफूल तेलात अल्फा-टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाचे आपल्या शरीरास सर्वांत उपयुक्त असे रूप, सुमारे ४० मिलिग्रॅम असते. तितक्याच खोबरेलात ते जेमतेम मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा भरते. यात खोबरेलाचा काही कमीपणा नाही. प्राणवायू हल्ला करतो तो असंतृप्त मेदाम्लांवर. खोबरेलाचा सुमारे नव्वद टक्के भाग संतृप्त असल्यामुळे त्याच्या रक्षणाचा फारसा बंदोबस्त निसर्गाला करावा लागलेला नाही. मुठेलातही स्टिअरिक व ओलेइक ही दोन मेदाम्लेच प्रमुख. ते एरवी घट्ट राहते, अंगाच्या उबेने मऊ होते आणि त्वचेवर पसरून आतील ओलावा बाहेर जाऊ देत नाही. भेगा भरतात त्या या आच्छादनामुळे.

मग ई जीवनसत्त्वाचे कार्य कोणते? कॅलिफोर्नियातील बर्कली येथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना १९२२ साली उंदरांच्या प्रजननाचा अभ्यास करताना त्याचा सुगावा लागला, १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या तेलातून ते शुद्ध स्वरूपात निघाले, आणि १९३८ मध्ये पॉल कारर यांनी ते प्रयोगशाळेत सिद्ध केले. परंतु त्वचेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळेच आहे. तारलीसारख्या तेलकट मासळीची चरबी हवेत लवकर खवट होते, आणि अंगी चरबी कमी म्हणूनच बोंबील दोरीवर निर्धास्त वाळवता येतो, हे किनाऱ्यावर कोणासही सांगावयास नको. खवटपणाची हीच क्रिया उन्हातील अतिनील किरणांमुळे आपल्या त्वचेवरील स्निग्धांशातही चालते: मेदाम्लाचा एक रेणू बिघडला की तो शेजारच्यास बिघडवतो, तो पुढच्यास, आणि ही साखळी वाढत जाते. टोकोफेरॉल आपल्या अंगचा हायड्रोजनचा एक अणू देऊन ही साखळी तोडते. त्यात ते स्वतः निकामी होते खरे, पण क जीवनसत्त्व त्यास पुन्हा कार्यक्षम करू शकते. चेहऱ्यावर सुटणाऱ्या ज्या तेलकटपणास आपण कंटाळतो, त्याच्याच वाटेने शरीर हे जीवनसत्त्व त्वचेच्या पृष्ठभागी पोहोचवीत असते.

प्रसाधनांत मात्र एक मेख आहे. शुद्ध टोकोफेरॉल हवेत व उजेडात टिकत नाही, म्हणून उत्पादक बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट वापरतात. ज्या ठिकाणाहून हायड्रोजन द्यावयाचा तेच त्यात बांधलेले असल्याने हा मोहोरबंद खलिता त्वचेतील विकरांनी फोडीपर्यंत त्याचा उपयोग शून्य, आणि ते विकर तो सर्वत्र सारख्याच तत्परतेने फोडतात असे नाही. शुद्ध टोकोफेरॉल अल्प प्रमाणात घातलेले असते, ते पुष्कळदा डबीतील तेले खवट होऊ नयेत एवढ्यासाठीच. म्हणजे राखण होते ती मालाची, गिऱ्हाइकाची नव्हे!

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली डुकराच्या त्वचेवर दाखवून दिले की १५ टक्के क आणि १ टक्का ई जीवनसत्त्वाच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल मिसळले असता उन्हापासूनचे रक्षण चौपटीवरून आठपटीवर जाते. हे फेरुलिक आम्ल तांदळाच्या कोंड्यात असते, आणि भाताचे कोठार म्हणविणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तो कोंडा गिरणीतून थेट गुरांच्या दावणीला जातो. उलट मायामी येथे १९९९ साली शस्त्रक्रियेच्या व्रणांवर नुसते ई जीवनसत्त्व चोळून पाहिले, तेव्हा ९० टक्के प्रकरणांत व्रण तसाच राहिला किंवा अधिकच विद्रूप झाला, आणि एकतृतीयांश रुग्णांच्या त्वचेवर दाह उठला. औषधाच्या दुकानातील कॅप्सूल फोडून ती व्रणावर वा मुखावर चोळण्याचा जो प्रघात हल्ली पडला आहे, तो या कारणास्तव सोडून द्यावा हे उत्तम.

तेव्हा खरेदीपूर्वी वेष्टनाच्या दर्शनी भागावरील सनद बाजूस ठेवून मागची घटकांची यादी वाचावी, आणि त्यात टोकोफेरिल ॲसिटेट अगदी तळाशी असेल तर त्यासाठी जादा दाम मोजू नये. फुटलेल्या टाचांना, पाय धुऊन ते ओलसर असतानाच लावलेले मुठेल पुरेसे आहे.