कर्णनाद : न थांबणाऱ्या आवाजासोबत जगताना

रात्रीची जेवणे उरकतात, गल्लीतली वर्दळ थांबते, गाव निजते. तेव्हा काही माणसांच्या कानांत एक आवाज सुरू होतो. खरे तर तो दिवसभर चालूच असतो. भोवतालचा आवाज ओसरला म्हणून तो आता जाणवतो, एवढेच. कुणी म्हणते रातकिडे ओरडतात, कुणी म्हणते शिट्टी वाजते, कुणाला कुकरची वाफ सुटल्यासारखे वाटते, तर कुणाला डीपीजवळ उभे राहिल्यावर ऐकू येणारी घूं घूं. आपल्याकडे याला ‘कान वाजणे’ किंवा ‘कान गुणगुणणे’ म्हणतात. डॉक्टर ‘टिनिटस’ म्हणतात. वाजणे, किणकिणणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून तो शब्द आला. आयुर्वेदातले नाव ‘कर्णनाद’.

हा आवाज शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही, आणि तिथूनच दुःखाला सुरुवात होते. ताप थर्मामीटरवर दिसतो, मोडलेले हाड एक्स-रेत दिसते. कर्णनाद असलेल्या माणसाकडे दाखवायला काही नसते. घरचे पहिल्या महिन्यात काळजी करतात, तिसऱ्या महिन्यात ‘लक्ष देऊ नको’ म्हणतात आणि वर्षभराने ‘तुझ्या मनाचे खेळ’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात हा माणूस एकटा नाही. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २०२२ साली ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कर्णनादाचा अनुभव आहे. ही संख्या ७४ कोटींहून अधिक होते. त्यांतल्या १२ कोटींहून अधिक लोकांना तो तीव्र स्वरूपाचा आहे.

जुन्या नोंदी

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग मोजले आहेत. त्यांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. शब्द वाहून नेणाऱ्या मार्गात वायू अडला की नाना प्रकारचे आवाज ऐकू येतात, तो कर्णनाद. वेणूसारखा बारीक आवाज येतो, तो क्ष्वेड. क्ष्वेडाची कारणे सांगताना ग्रंथकाराने श्रम, शरीराचा क्षय आणि रूक्ष आहार यांचा उल्लेख केला आहे. कष्टकऱ्यांच्या जिल्ह्यात ही यादी वाचताना थबकायला होते. पुढे माधवनिदानात भेरी, मृदंग आणि शंख यांच्या आवाजांची उपमा आली.

आता दुसरी यादी पाहू. हठप्रदीपिकेच्या चौथ्या प्रकरणात नादानुसंधान सांगितले आहे. साधकाला आत प्रथम समुद्र, मेघ, भेरी यांसारखे आवाज ऐकू येतात, मग शंख आणि घंटा, शेवटी वेणू, वीणा आणि भ्रमर. वैद्याने रोग म्हणून नोंदवलेले आवाज योग्याने साधनेच्या पायऱ्या म्हणून नोंदवले. बीड जिल्ह्याला ही दुसरी परंपरा परकी नाही. आष्टी तालुक्यातल्या मायंब्याला मच्छिंद्रनाथांची समाधी मानली जाते. नाथपंथाशी नाते सांगणाऱ्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला दाखवतात. ‘अनाहत नाद’ हा शब्द इथल्या भजनी मंडळांतही सहज ऐकू येतो. कर्णनाद म्हणजेच अनाहत नाद, असे म्हणण्याचा इथे हेतू नाही. एक मिळवलेला, दुसरा न मागता आलेला. पण आतून येणारा आवाज ऐकून एक माणूस स्थिर होतो आणि दुसरा घाबरतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उपचाराच्या भागात ती पुन्हा उपयोगी पडेल.

तिसरी नोंद लोकसमजुतीची. कानांत बोटे घातली की जी धडधड ऐकू येते, ती रावणाची चिता अजून जळत असल्याचा आवाज, असे आपल्याकडे आजीने प्रत्येक नातवाला सांगितलेले असते. तो आवाज प्रामुख्याने बोटांच्या आणि हाताच्या स्नायूंच्या सूक्ष्म थरथरीचा असतो. बाहेरचा आवाज बंद केला की शरीराचा स्वतःचा आवाज ऐकू येतो, एवढे निरीक्षण मात्र त्या कथेत अचूक आहे.

आवाज येतो कुठून?

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक वळणदार अवयव असतो. त्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. हवेतली कंपने या पेशींपर्यंत पोहोचली की त्यांचे विजेच्या संदेशांत रूपांतर होते आणि ते श्रवणाच्या नसेतून मेंदूकडे जातात. मोठा आवाज, वय, काही औषधे किंवा जंतुसंसर्ग यांमुळे या पेशी मरतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

पेशी मेल्या की मेंदूकडे येणारे संदेश कमी होतात. मेंदू तो तुटवडा भरून काढायला स्वतःची संवेदनशीलता वाढवतो. जुन्या रेडिओचे उदाहरण घेऊ. स्टेशन नीट लागत नसले की आपण आवाज वाढवतो. गाणे स्पष्ट होत नाही, पण खरखर वाढते. कर्णनाद ही बहुतेकांच्या बाबतीत अशी खरखर आहे. पाय कापावा लागलेल्या माणसाला नसलेल्या पायाची बोटे दुखतात, तसाच हा नसलेला आवाज. आवाजाचे ठिकाण केवळ कान नव्हे, याचा पुरावा शस्त्रक्रियांतूनही मिळाला. गाठ काढताना श्रवणाची नस कापावी लागलेल्या अनेक रुग्णांचा कर्णनाद नस कापल्यावरही तसाच राहिला.

मग शांतता हा उपाय आहे का? १९५३ साली हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी कानाचा कसलाही त्रास नसलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले. त्यांच्यापैकी ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. शांतता जितकी गाढ, तितका आतला आवाज ठळक. आपल्याकडच्या लोकांना यासाठी ध्वनिरोधक खोलीची गरज नाही. रात्री वीज गेली, पंखा थांबला की कान वाजणाऱ्या माणसाची झोप उडते. पंख्याची घरघर आतला आवाज झाकत होती, ती थांबली.

आपल्या जिल्ह्यातले कान

मोठ्या आवाजाचा हिशेब साधा आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही सुरक्षिततेची मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. त्यावर प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. वरातीतल्या डीजेसमोर नाचणारा तरुण ही मर्यादा पहिल्या दोन गाण्यांतच ओलांडतो. दुसऱ्या दिवशी कानात दडे बसलेले असतात, शिट्टी वाजत असते. दोन दिवसांत ती थांबते आणि विषय संपतो. पण ती शिट्टी म्हणजे इशारा असतो. दरवेळी काही नुकसान कायमचे राहते.

फटाक्यांचेही तसेच. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या फटाक्यांना आपल्या देशात मनाई आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाचे फटाके वाजवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले. हातात फुटलेल्या सुतळी बॉम्बने बोटांचे काय होते ते सर्वांना दिसते. कानाचे काय होते ते दिसत नाही.

याशिवाय रोजच्या कामाचा आवाज आहे. परळीच्या औष्णिक केंद्रातली टर्बाइन, जिनिंगचे कारखाने, खडी क्रशर, साखर कारखान्यांच्या गिरण्या, गावोगावच्या पिठाच्या चक्क्या आणि बिनकेबिनचे ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवर साउंड लावून उसाच्या खेपा करणारा चालक इंजिनाच्या आवाजावर मात करण्यासाठी गाण्याचा आवाज वाढवतो. कानाला दोन्ही सोसावे लागतात. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि आवाजाने आलेला बहिरेपणा हा कायद्यात कळवण्याजोगा रोग म्हणून नोंदला आहे. पण चक्कीवाला, ट्रॅक्टरचालक आणि फडातला मजूर या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतात.

आवाज हेच एकमेव कारण मात्र नाही. लहानपणी कान फुटून वाहत राहिला, पडद्याला भोक राहिले, की मोठेपणी ऐकू कमी येते आणि कान वाजतो. दसऱ्यानंतर कोयत्यांसोबत फडावर जाणाऱ्या मुलांचे वाहते कान पाच-सहा महिने तसेच राहतात. क्षयरोगाच्या उपचारात वर्षानुवर्षे वापरलेली स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन ही इंजेक्शने केसपेशी मारू शकतात. आता तोंडाने घ्यायच्या औषधांवर भर असला, तरी जुने रुग्ण आपल्यात आहेत. कुनैन आणि मोठ्या मात्रेतली अॅस्पिरिन यांनीही कान वाजतो, पण औषध थांबल्यावर तो बहुधा पूर्ववत होतो. तीव्र रक्तक्षयात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं सूं असा आवाज येऊ शकतो. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे विसरून चालणार नाही. आणि कधीकधी कारण अगदी क्षुल्लक निघते : मळाचा घट्ट बोळा. तो काढला की आवाज जातो. म्हणून आधी कान दाखवायचा, मग काळजी करायची.

त्रास कशाचा?

कर्णनादाचा आवाज मोजण्याची एक रीत आहे. बाहेरून आवाज देऊन ‘तुमचा आवाज एवढाच आहे का?’ असे विचारत जायचे. बहुतेकांचा आवाज त्यांच्या श्रवणाच्या उंबरठ्यापेक्षा केवळ काही डेसिबलच वरचा निघतो, म्हणजे कुजबुजीहूनही लहान. तरीही एकाला त्याचे काही वाटत नाही आणि दुसऱ्याचे जगणे उद्ध्वस्त होते.

पोलंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० साली याचे स्पष्टीकरण मांडले. श्रवणाचे केंद्र आवाज ओळखते. पण तो धोक्याचा आहे की नाही, हे मेंदूतली भावनांची आणि सावधतेची केंद्रे ठरवतात. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊनही ऐकू येत नाही, कारण मेंदूने तिला बिनमहत्त्वाची ठरवलेली असते. शेतात झोपलेल्या माणसाला वाऱ्याने झोपेतून जाग येत नाही, पण बैलाच्या दाव्याची जरा हालचाल झाली की येते. कर्णनादावर ‘धोका’ असा शिक्का बसला की मेंदू त्याच्यावर पहारा ठेवतो. पहारा ठेवला की तो अधिक ऐकू येतो. अधिक ऐकू आला की भीती वाढते, झोप जाते. झोप गेली की पहारा आणखी कडक होतो. योगी आणि रुग्ण यांच्यातला फरक इथे आहे. योग्याच्या मेंदूने त्या आवाजावर धोक्याचा शिक्का मारलेला नसतो.

‘याला उपाय नाही, आता सवय करून घ्या,’ एवढे बोलून रुग्णाला वाटेला लावणे म्हणूनच घातक ठरते. तो शिक्का अधिक पक्का होतो.

काय करावे, काय टाळावे

काही लक्षणे दिसली तर विलंब नको. एका कानाने अचानक ऐकू येणे बंद झाले तर ती तातडीची बाब आहे. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत, उशिरात उशिरा दोन आठवड्यांत सुरू झाला तर श्रवण वाचण्याची शक्यता असते. आवाज फक्त एकाच कानात असणे, नाडीबरोबर ठोके पडणे, सोबत चक्कर येणे, तोंड वाकडे होणे, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू होणे, या सगळ्यांत तज्ज्ञाकडे जायलाच हवे.

बाकीच्यांसाठी पहिली पायरी ऑडिओमेट्री. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावावे. बाहेरचे संदेश पुन्हा मिळू लागले की मेंदूला आवाज वाढवण्याची गरज उरत नाही, आणि अनेकांचा कर्णनाद मागे सरतो. रात्री पूर्ण शांतता टाळावी : पंखा, मंद आवाजातला रेडिओ, मोबाइलवरचा पावसाचा आवाज. तो कर्णनादापेक्षा थोडा लहान ठेवावा, म्हणजे मेंदू दोन्हींना एकत्र ऐकून सोडून द्यायला शिकतो. विचार आणि वर्तन बदलण्याची जी मानसोपचार पद्धत आहे, तिचा आधार आजवरच्या अभ्यासांत सर्वांत भक्कम आहे. तिने आवाज जात नाही. आवाजाचा जाच कमी होतो. सवय होण्याला आठवडे नव्हे, महिने लागतात, हे आधीच सांगितले तर माणूस धीर धरतो.

कर्णनाद बरा करणारी म्हणून सिद्ध झालेली गोळी आज उपलब्ध नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत गिंको आणि तत्सम पूरक औषधांची शिफारस करू नये असे म्हटले आहे. तरीही महिन्याला हजार-दोन हजारांच्या बाटल्या खपतात. कानात तेल, लसणाचा रस किंवा पिन घालणे तर सरळ नुकसानीचे. पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत जाते. आणि झोप पूर्ण गेली, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते लपवू नये. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलते.

पुढचे काम

बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून आहे. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. निकषात बसणाऱ्यांना एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने नोंदवलेल्या २१ प्रकारांत कर्णनाद नाही. श्रवण ठरावीक पातळीखाली गेले तरच प्रमाणपत्र. आतल्या आवाजाला जागा नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलो. त्याआधी करण्यासारखे थोडके आहे आणि स्वस्त आहे. फडावर जाण्याआधीच्या आरोग्य तपासणीत मुलांचे कान पाहावेत. चक्कीवाल्याने आणि ट्रॅक्टरचालकाने मेडिकलमध्ये मिळणारे इअरप्लग वापरावेत. कापसाचा बोळा पुरेसा नसतो. वरातीत डीजेच्या भिंतीजवळ लहान मूल नेऊ नये. आणि घरातले कुणी कान वाजतो म्हणाले, तर ‘मनाचे खेळ’ म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारावा : कधीपासून, आणि कोणत्या कानात? डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारतात.