सत्तरी ओलांडली? उत्पन्नाचा दाखला राहू द्या

सोलापुरात मोफत उपचारांचा विषय निघाला की 'ते पिवळ्या कार्डवाल्यांसाठी' असं म्हणून निम्मे ज्येष्ठ स्वतःला बाद करून टाकतात. नियम काय सांगतो?

गैरसमज : पेन्शन आहे, स्वतःचं घर आहे, मग लाभ नाही.
वस्तुस्थिती : २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही. विडी वळणारी आजी असो की निवृत्त प्राध्यापक, वय पाहिलं जातं आणि तेही आधारवरचं. आधारवर वय चुकलं असेल, तर आधी ते दुरुस्त करा.

गैरसमज : मुलाच्या उपचारात कुटुंबाचं वर्षाचं पाच लाखांचं संरक्षण संपलं, आईला काय उरणार?
वस्तुस्थिती : कुटुंब आधीपासून 'आयुष्मान भारत' योजनेत असेल, तर सत्तरीपुढच्यांसाठी वर्षाला आणखी पाच लाखांचं वेगळं संरक्षण आहे. मात्र नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील, तर ते दोघांत मिळून.

गैरसमज : मेडिक्लेम किंवा ईएसआय असेल तर कार्ड नाही.
वस्तुस्थिती : दोन्ही असले तरी चालतं. केंद्र सरकारच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेत असणाऱ्यांना मात्र एकच निवडावी लागते.

गैरसमज : जुना आजार चालत नाही.
वस्तुस्थिती : पहिल्या दिवसापासून चालतो.

गैरसमज : कार्ड असलं की बीपी-शुगरच्या गोळ्याही फुकट.
वस्तुस्थिती : कार्ड ॲडमिट होण्यासाठी आहे, तेही योजनेतल्या रुग्णालयात. रोजच्या औषधांसाठी गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सर्वांना उपचार मोफत आहेत. सोलापूरचं 'सिव्हिल' वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यानं हा निर्णय त्याला लागू नव्हता. 'सरकारी दवाखाना, तरी पैसे का?' या भांडणाचं मूळ इथं आहे.

गैरसमज : साठ ते सत्तरमधल्यांना काहीच नाही.
वस्तुस्थिती : महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. २०१२ मध्ये ती 'राजीव गांधी जीवनदायी' नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं पांढरं रेशनकार्डही तिच्यात आलं.

आजी-आजोबा धडधाकट असतानाच कार्ड काढून ठेवा. चौकशीचा नंबर : १४५५५.