बुजरे मासे आणि काचपेटीवरील दिवा

शोभिवंत मासे पाळण्याचा जोडधंदा घराच्या परसात, थोड्या जागेत व थोड्या पाण्यात करता येतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा परसातील मत्स्यसंगोपनासाठी अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. शिवाय लातूर जिल्ह्यात उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय असल्याने नांदेड-लातूरकडील शेतकऱ्यांना या विषयाचे जाणकार दूर शोधावे लागत नाहीत. परंतु नव्या पालकाची पहिली तक्रार बहुधा ठरलेली असते. पेटी आणली, झगझगीत दिवा लावला आणि मासे दिसेनासे झाले! ते कोपऱ्यात दबून बसतात, फिकट पडतात, खाण्यास वर येत नाहीत. टाकलेले खाद्य तळाशी कुजते व पाणी नासते. मासा आजारी आहे असे समजून पालक पाण्यात औषध ओततो. पुष्कळदा आजार नसतोच. मासा केवळ भ्यालेला असतो.

गोदावरीच्या किंवा मांजरेच्या काठी खंड्या पक्ष्याला सूर मारताना ज्याने पाहिले आहे, त्यास या भीतीचे कारण सांगावयास नको. लहान माशाचा शत्रू वरून येतो. नदीत पाणी गढूळ असते, काठी पाणवनस्पती असतात, दगडांच्या कपारी असतात. तेथे मासा उजेडापासून केव्हाही आडोशास जाऊ शकतो. काचपेटीत चारही बाजू उघड्या, पाणी नितळ आणि डोक्यावर प्रखर दिवा! शिवाय बहुतेक माशांना पापण्या नसतात व त्यांच्या डोळ्यांतील बाहुली आपल्यासारखी पटकन आकुंचन पावत नाही. अंधारातून उजेडास सरावण्यास त्यांच्या डोळ्यांना बराच वेळ लागतो. इतकेच नव्हे, तर माशाच्या मेंदूचा कपाळाखालील एक भागही प्रकाश ओळखतो. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९११ साली मिनो नावाच्या लहान माशावर प्रयोग केले, तेव्हा आंधळ्या माशाच्या अंगाचा रंगही कपाळावरील उजेड-सावलीप्रमाणे बदलतो असे दिसून आले.

म्हणून आधी आडोसा, मग दिवा, असा क्रम ठेवावा. लपण्यास जागा दिली तर मासे कायमचे लपून बसतील, असा पालकांचा समज असतो. अनुभव याच्या उलट आहे. आडोसा जवळ आहे अशी खात्री असलेला मासाच निर्धास्तपणे मोकळ्या पाण्यात फिरतो. पेटीची मागील व दोन्ही बाजूंची काच बाहेरून काळ्या किंवा गडद कागदाने झाकावी. तळाशी पांढऱ्या संगमरवरी खड्यांऐवजी आपल्याकडील काळ्या दगडाची धुतलेली बारीक खडी पसरावी. पांढऱ्या तळावरून उजेड उलटून माशाच्या पोटाखालून येतो व मासाही आपला रंग फिका करतो. असा फिका मासा गिऱ्हाईक घेत नाही. संगमरवर व चुनखडी यांनी पाण्याचा जडपणा वाढतो तो वेगळाच, आणि आपल्या बोअरचे पाणी बहुधा मुळातच जड असते. मातीची फुटकी कुंडी आडवी ठेवली तरी उत्तम गुहा होते. तिच्या धारदार कडा मात्र घासून घ्याव्यात. जखमी माशाच्या त्वचेतून पाण्यात एक द्रव्य उतरते व ते जाणवताच साऱ्या थव्यात घबराट पसरते. हा शोधही फॉन फ्रिश यांनीच १९३८ साली लावला.

पाण्याच्या सुमारे एकतृतीयांश पृष्ठावर तरंगत्या वनस्पती ठेवल्यास दिव्याखाली सावलीचे ठिपके पडतात. जलपर्णी मात्र वापरू नये. ती पेटीबाहेर ओढ्यात गेली तर गावाला जाच होतो. ज्या माशांचे मूळ वसतिस्थान झाडीखालच्या काळसर पाण्यात आहे, उदाहरणार्थ अमेझॉन खोऱ्यातील निऑन टेट्रा, त्यांच्यासाठी देशी बदामाचे वाळलेले पान उपयोगी पडते. चाळीस-पन्नास लिटर पाण्यास एक पान पुरे. त्याने पाण्यास चहासारखी छटा येऊन प्रकाश मंदावतो. पण अशा माशांना मऊ पाणी लागते, म्हणून नवशिक्याने गप्पी, मॉली, प्लॅटी अशा जड पाणी मानवणाऱ्या माशांपासून आरंभ करणे शहाणपणाचे.

थव्याने राहणारा मासा एकटा-दुकटा ठेवू नये. सहा-आठ तरी असावेत. बुजऱ्या माशांच्या जोडीला वरच्या थरात फिरणारे धीट लहान मासे सोडले तर तेही हळूहळू बाहेर येतात, कारण धीट सोबती निर्भयपणे फिरत आहेत यावरून ते धोका नाही असे ताडतात.

दिवा एकदम लावू नये. सकाळी खिडकी उघडून खोलीत उजेड येऊ द्यावा व अर्ध्या तासाने पेटीवरील दिवा लावावा. रात्री याच्या उलट करावे. दिवसाकाठी आठ ते दहा तास प्रकाश पुरतो. अधिक दिल्यास काचेवर शेवाळ माजते. वेळ रोज तीच ठेवावी. गावात वीज अचानक जाते व अपरात्री अचानक येते, ही मोठी अडचण आहे. झोपेतील मासा तशा झगमगाटात उसळून काचेवर आपटतो किंवा पेटीबाहेर पडतो. म्हणून वीज गेली की पेटीचे बटण लगेच बंद करावे आणि पेटीवर झाकण असू द्यावे. नवे मासे आणल्यावर पहिला दिवस दिवा लावूच नये.

एवढे करूनही मासा तीन-चार दिवसांत खाण्यास आला नाही, किंवा अंगावर पांढरे ठिपके, मिटलेले पर अथवा पृष्ठभागी येऊन धापा टाकणे दिसले, तर दोष दिव्याचा नाही. पाणी व रोग यांची तपासणी करावी. ग्रामसेवक बंधूंनी पालकाच्या घरी गेल्यावर हा भेद आवर्जून दाखवावा.

परसातील सिमेंटच्या हौदांस हेच लागू आहे, फक्त तेथे दिव्याच्या जागी वैशाखातले ऊन असते. हौदाच्या अर्ध्या भागावर तुराट्यांचा तट्ट्या टाकावा; उरलेल्या भागावर पक्ष्यांसाठी जाळी बांधावी. तुराट्या ज्या शेतातील आहेत तेथे कीटकनाशकाची फवारणी झाली असल्यास त्या वापरू नयेत, कारण काही कीटकनाशकांचा अंशही माशांना मारक ठरतो. फवारणी करून आलेल्या माणसाने हात-पाय साबणाने धुतल्याखेरीज हौदाजवळ जाऊ नये.