एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ आहे, म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल का?

कापूस वेचणीचा हंगाम आला की घाटंजीतल्या माझ्या दवाखान्यात कंबरदुखीचे रुग्ण वाढतात. दिवसभर वाकून काम केल्यावर कंबर धरणारच. काहीजण यवतमाळ किंवा नागपूरहून एमआरआय काढूनच येतात आणि फाइल पुढे ठेवून म्हणतात, “डॉक्टरसाहेब, मणक्यात गॅप आली, नस दबली.” पस्तिशीतल्या एका शेतकऱ्याने तर ऑपरेशनसाठी बैलजोडी विकायचं ठरवलं होतं. रिपोर्टमध्ये होतं इतकंच: एल४-एल५ या ठिकाणी ‘माइल्ड डिस्क बल्ज’. पाय दुखत नव्हता, पायातली ताकद आणि संवेदना चांगली होती. त्याला ऑपरेशनची गरजच नव्हती.

रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ

कमरेत एल१ ते एल५ असे पाच मणके असतात, त्याखाली माकडहाडाच्या वरचं एस१. दोन मणक्यांमधल्या गादीला डिस्क म्हणतात.

- डेसिकेशन किंवा डिजनरेशन: गादीतलं पाणी कमी होणं, म्हणजे झीज. केस पांढरे होतात तसाच हा वयाचा बदल आहे. लोक ज्याला ‘गॅप’ म्हणतात, तो बहुतेक वेळा हाच. खरं तर यात मणक्यांमधलं अंतर वाढत नाही, कमी होतं.
- बल्ज: गादी सगळीकडून थोडी बाहेर फुगणं.
- प्रोट्रुजन आणि एक्स्ट्रुजन: गादीचा एखादा भाग बाहेर येणं. एक्स्ट्रुजनमध्ये तो जास्त बाहेर येतो. असा भाग काही महिन्यांत आपोआप आकसल्याचंही बऱ्याच रुग्णांत दिसतं.
- नर्व्ह रूट कॉम्प्रेशन: नसेवर दाब. याचा लक्षणांशी मेळ बसतो का, हे तपासावं लागतं.
- कॅनॉल स्टेनोसिस: नसांचा मार्ग अरुंद होणं. चालताना पाय भरून येतात, बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो.

दुखत नसलेल्यांचा स्कॅन कसा असतो?

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबरदुखी नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनची माहिती एकत्र केली होती. वयाच्या विशीत ३७ टक्के लोकांत गादीची झीज आणि ३० टक्के लोकांत बल्ज आढळला. पन्नाशीत हेच प्रमाण ८० आणि ६० टक्के होतं. म्हणजे स्कॅनमध्ये दिसलेला प्रत्येक बदल दुखण्याचं कारण असतोच असं नाही.

मग रिपोर्ट कधी महत्त्वाचा?

लक्षणं, तपासणी आणि स्कॅन तिन्ही एकाच नसेकडे बोट दाखवतात तेव्हा. उदाहरणार्थ, एल४-एल५ ची गादी साधारणपणे एल५ नस दाबते. मग कळ पायाच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्याकडे जाते आणि अंगठा वर उचलायला जड जातो. एल५-एस१ मध्ये कळ पोटरीतून करंगळीकडे जाते आणि चवड्यांवर उभं राहणं अवघड होतं. दुखणं उजव्या पायात आणि दाब डावीकडे असेल, तर तो दाब तुमच्या दुखण्याचं कारण नसण्याचीच शक्यता जास्त.

लगेच डॉक्टरांना दाखवा

- लघवी अडणे, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा (त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा)
- पायातली ताकद कमी होत जाणे, पाऊल लोंबणे
- ताप, वजन घटणे, रात्री वाढणारं दुखणं (आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही)
- पूर्वी कॅन्सर झालेला असणे
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतरचं दुखणं

यातलं काही नसेल तर साध्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे सहसा एमआरआय लागत नाही. बहुतेकांना तेवढ्यात बरंच बरं वाटतं. या काळात खाटेवर पडून राहू नका. झेपेल तेवढं चाला, शेक घ्या, ओझं काही दिवस टाळा आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. बीपी, शुगर, किडनीचा त्रास किंवा अ‍ॅसिडिटी असेल तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेणं महागात पडू शकतं.

रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: “यात जे लिहिलंय, त्याचा माझ्या दुखण्याशी मेळ बसतो का?” उत्तर देण्याआधी डॉक्टरांनी तुमचे पाय तपासायला हवेत. तो शेतकरी दोन महिन्यांत पुन्हा शेतात जाऊ लागला. बैलजोडी अजून त्याच्याच गोठ्यात आहे.