धुक्यातली सांदवाडी

फाल्गुनात आलापल्लीची पहाट आधी ऐकू येते, मग दिसते. रात्रभर आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन झपाट्याने गार होते, तिच्यालगतच्या दमट हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात आणि नाल्याकडचं धुकं आमच्या घरामागच्या सांदवाडीत शिरतं. आंबा, शेवगा, लिंबाचं झुडूप, सगळं नाहीसं होतं. सागाच्या उरल्यासुरल्या पानांवरून पाचोळ्यावर पाणी टपटपतं, तेवढंच कळतं.

मग दयाळ सुरू होतो. काळा-पांढरा, बुलबुलाएवढा पक्षी. हिवाळाभर सांदवाडीत शेपटी उभारून गुपचूप किडे टिपत असतो, तेव्हा त्याच्याकडे मी लक्षही देत नाही. फाल्गुन लागला की तो शेवग्याचा शेंडा गाठतो. दिवस मोठे होऊ लागल्याचं त्याच्या मेंदूला उजेडावरून कळतं, शरीरातली संप्रेरकं वाढतात आणि कंठ फुटतो. ही बाग माझी आहे, हे तो इतर नरांना ऐकवतो. मादीलाही ऐकवतो, की रात्र काढून मी सकाळी धडधाकट आहे.

पहाटच का? अंधुक उजेडात किडे नीट दिसत नाहीत, म्हणून खाण्याचा वेळ गाण्याला मिळतो. ज्यांचे डोळे मोठे ते पक्षी साधारणपणे आधी गाऊ लागतात, असंही अभ्यासकांना आढळलं आहे. शिवाय पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. आवाज वर निसटून न जाता खाली वळतो आणि शांत हवेत दूरवर पोचतो. म्हणून धुक्यात दयाळ अगदी कानाशी गातोय असं वाटतं. पक्ष्याचा आवाज निघतो छातीत, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथून. दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येतात, त्यामुळे काही पक्षी एकाच वेळी दोन सूर काढतात. एवढ्याशा छातीत हे सारं मावतं, याचं मला रोज नवल वाटतं.

भृंगराज आला तर सगळा हिशोब चुकतो. शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पिसांचे झुबके असलेला हा कोतवाल इतर पक्ष्यांच्या नकला हुबेहूब करतो. धुक्यात तो दिसत नाही, आणि हळद्या बोलला की भृंगराज, हे ठरवता येत नाही. ऊन चढल्यावर जास्वंदीवर शिंजीर येतो, आणि तांबट चोच मिटून, गळा फुगवून टुक-टुक लावतो, ती भर दुपारपर्यंत.

हे सगळे आमच्या जंगलाचे रहिवासी. भामरागडच्या रस्त्याला ‘वनवैभव’ आहे. जुन्या, गगनाला भिडणाऱ्या सागांचा हा तुकडा १९५३पासून तोडीविना राखला गेला आणि २०१४मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ ठरला. तिथे गेलं की मान आपोआप वर जाते. पण माझं सांगणं खाली पाहण्याचं आहे, पाचोळ्याकडे. सातभाई तिथेच पानं उलटून किडे शोधतात. दयाळही खायला जमिनीवरच उतरतो. बाग झाडून लख्ख केली, की पक्ष्यांचं ताट उचललं.

आमच्याकडे मोह गळायच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळायची रीत आहे. शेजारच्या आजी सांगतात, “पाला जाळला तं फूल लवकर दिसते जी बाई.” त्यांचं खरं आहे. वर्षाचे चार पैसे त्या फुलांवर असतात आणि पहाटे अंधारात पाचोळ्यातून एकेक फूल वेचणं सोपं नाही. पण ती आग अनेकदा रानात पसरते. आता आजी जुनी लुगडी जोडून झाडाखाली अंथरतात. फुलं स्वच्छ मिळतात, कमरेचा त्रासही कमी झाला. झाडाभोवतीचा पाला तसाच राहतो.

मी सांदवाडीत पाचोळा एका कोपऱ्यात ओढून ठेवते आणि पसरट मातीच्या भांड्यात पाणी रोज बदलते. आंब्याचं एक वाळलेलं खोड आहे. ते तोडून टाका, असं येणारा-जाणारा सुचवतो. दयाळ घरटं करतो ते झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या भोकात, आणि आता नव्या घरांच्या भिंतींना भोकं नसतात. त्या खोडाला मी कुऱ्हाड लागू देणार नाही.